बुधीबायचा जोर

आषाढ अर्धा सरला की आमच्या उपकेंद्राच्या ओट्यावर बायकांची गर्दी होते आणि बहुतेकींचं गाऱ्हाणं सारखंच असतं. माझ्या रजिस्टरात 'तक्रार' असा एक रकाना आहे. आवणीच्या दिवसांत, म्हणजे भाताची रोपं राबातून उपटून खाचरांत लावायच्या दिवसांत, मी त्या रकान्यात वर्षानुवर्षं एकच शब्द लिहीत आले आहे, अशक्तपणा. परवा तो लिहिता लिहिता हात थांबला. समोरची म्हातारी म्हणाली होती, "सिस्टर, पायात रग भरलीय न् अंगातली रग पार गेलीय." एका दमात एकच शब्द दोनदा. एकदा दुखण्यासाठी, एकदा बळासाठी. मी तिला लोहाच्या लाल गोळ्या दिल्या, ती त्या पदराला बांधून गेली, आणि मी बाहेर बघत बसले. समोरच्या खाचरांत बायका ओळीनं वाकल्या होत्या. भुरभुर चालू होती. कुणाचा तरी मोबाइल बांधावर वाजत होता आणि चिखलाचे हात घेऊन तो उचलायला कुणी येत नव्हतं.

अशक्तपणा हा शब्द इकडे कुणाच्या तोंडी नाही. तो आमच्या प्रशिक्षणातला, छापील शब्द. माणसं म्हणतात, दम राहिला नाय. जोर लागत नाय. अवसान गळालं. दम नाही म्हणणारीला चढण चढताना धाप लागते. जोर लागत नाही म्हणणारीच्या हातून भरलेला हंडा निसटतो. आणि अवसान गळालं म्हणणारीच्या घरात बहुतेक वेळा काहीतरी वाईट घडून गेलेलं असतं. तिला गोळी देऊन भागत नाही, तिच्याजवळ घटकाभर बसावं लागतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ज्या पावसाळ्यात ते कळलं तो पावसाळा मला टाळता येत नाही. खाचरं हिरवी व्हायला लागली की तो येतोच.

मी मूळची शहापूरची. वडिलांचं बाजारपेठेत शिवणकामाचं छोटं दुकान होतं. नव्वदच्या दशकात नर्सची नोकरी लागली आणि पहिलीच नेमणूक मिळाली ती मुरबाडच्या पलीकडे, वैशाखऱ्याच्या बाजूला. घाटाखालचं उपकेंद्र, दोन खोल्या, एक टेबल, एक खाट आणि भिंतीला कायमची ओल. मी तेवीस वर्षांची होते. डोंगरउतारावरच्या वाड्या माझ्याकडे होत्या आणि लसीचा डबा खांद्याला लावून तिथं पायी चढायचं होतं. पहिल्याच खेपेला मी अर्ध्या वाटेत दगडावर बसले. मागून लाकडाची मोळी घेऊन एक बाई येत होती. तिनं मोळी झाडाला टेकवली, माझ्याकडे पाहिलं, डबा उचलून डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "चल गो बाय. मोळी काय पळून जात नाय."

ती बुधी. बुधवारी जन्मली म्हणून बुधी. पस्तिशीची असेल. उंच नव्हती, पण मान आणि पोटऱ्या अशा भरलेल्या की नजर तिथंच जायची. दोन मुली लग्न होऊन गेलेल्या, घरी ती आणि नवरा काळू. काळू बारीक अंगाचा, कमी बोलणारा. बायकोनं उतरवून दिलेली मोळी बाजारात नेणं आणि रानातला डिंक, हिरडा गोळा करणं हे त्याचं काम. दोघांत बळ कुणाकडे हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि काळूला त्याची लाज नव्हती. उलट तो कौतुकानं सांगायचा, "आमच्या घरात मोठं लाकूड तीच फोडते."

त्यानंतर वाडीवर जायच्या दिवशी ती खाली येऊन थांबायची. पावसात ओहोळ फुगला की मला पाठीवर घेऊन पलीकडे न्यायची. मी नको नको म्हणायची.

"अहो, मी जड आहे."

"जड? तू तं शेंग हायेस चवळीची. गप बस न् हलू नको."

तिच्या पाठीला धुराचा आणि ओल्या गवताचा वास यायचा. पाणी तिच्या मांड्यांवर आपटायचं आणि ती पाय उचलायची नाही, पाण्याखालून सरकवायची. जोर म्हणजे उचलणं असं मला वाटायचं. जोर म्हणजे पाय न उचलणंही असतं, हे तिथं कळलं.

आवणीत ती ओळीची म्होरकी असायची. बायका ओळीनं वाकून मागं मागं सरकत रोपं लावतात, त्यात एकजण पुढची ठरलेली असते, तिच्या हाताच्या वेगानं बाकीच्यांचे हात चालतात. बुधी ज्यांच्या शेतावर जायची त्या शेवंताकाकू स्वतःही तिच्या शेजारी वाकायच्या. म्हणायच्या, "बुधी असली की खाचर कधी संपलं ते कमरेलाबी कळत नाय."

ज्या वर्षाचं सांगते आहे, त्या वर्षी आवणी सुरू व्हायच्या तोंडावर वाडीत तापाची साथ आली. तेव्हा आम्हाला नियमच होता, ताप दिसला की बोटाला टोचून रक्ताचा नमुना काचेवर घ्यायचा आणि हिवतापाच्या कडू गोळ्या द्यायच्या. बुधीलाही ताप होता. मी तिलाही दिल्या. माझ्यासमोर तिनं तोंड वाकडं करून गिळल्या आणि वर म्हणाली, "तापाचा जोर मोडला की माजा जोर परत येईल."

ताप गेला. जोर आला नाही.

सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सकाळी ती ठीक असायची. उजाडताना खाचरात उतरायची आणि नेहमीसारखी पुढं लावायची. दहाच्या सुमारास हात मंदावायचे. बारा वाजले की बोटांतून रोपं गळायची. भाकरी खाऊन तासभर झाडाखाली पडली की पुन्हा उठायची आणि थोडा वेळ चालायची. दुखत काहीच नव्हतं. म्हणूनच लोकांना पटेना. जे दुखणं कण्हत नाही त्याला दुखणं म्हणायचं कसं? एक दिवस शेवंताकाकू माझ्याकडे पाय दाखवायला आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "बुधी अंगचोर झाली हो सिस्टर. वीस वर्सांत अशी नव्हती."

अंगचोर. आपलंच अंग आपण चोरायचं. काकूंच्या आवाजात राग नव्हता, दुःख होतं, पण तो शब्द संध्याकाळपर्यंत वाडीवर पोचला. दुसऱ्या दिवशी बुधी माझ्यासमोर खाटेवर बसली तेव्हा तिची डावी पापणी डोळ्यावर अर्धी उतरली होती.

"सिस्टर, मी चोरत नाय गो. जोर जातो. सकाळी असतो, मंग कुठं जातो?"

मी नाडी पाहिली, डोळ्यांची खालची कड ओढून पाहिली. रक्त बरं दिसत होतं. तरी लाल गोळ्या दिल्या, ताकदीचं इंजेक्शन दिलं. माझ्याकडे तेवढंच होतं. लोक त्याला ताकदीची सुई म्हणायचे आणि मीही म्हणायचे. रजिस्टरात लिहिलं, अशक्तपणा.

आठवडाभरात ती म्हणाली की एकाची दोन दिसतात. "येक मूठ लावते तं दोन दिसतात. देवानं यंदा डबल भात दावलंय." आणि हसली. हसताना तिचे ओठ वर गेले नाहीत, नुसते आडवे ताणले गेले. ते हसू पाहून मला पहिल्यांदा भीती वाटली. मग आवाज नाकात जायला लागला. मग भाकरी गिळेना. घास तोंडात फिरवत बसायची आणि हनुवटीला हात लावून जबडा वर धरायची. काळू तिला पेज करून द्यायला लागला. ओळीच्या पुढून ती ओळीच्या शेवटी गेली, आणि मग बांधावर बसून रोपांच्या मुठी बांधायला. तेही दुपारपर्यंतच.

प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरांनी तिला तपासलं, बराच वेळ विचार केला आणि मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाची चिठ्ठी दिली. बुधी ऐकेना. आवणी संपू दे म्हणाली. मी तिला समजावलं, रागावले, शेवटी काळूला म्हटलं, "उद्या तिला पाण्याचा घोट गिळता आला नाही तर?" दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिला घेऊन खाली येऊन उभा राहिला. मी रजा टाकली. माझ्याशिवाय त्यांना तिथलं एकही दार सापडलं नसतं.

रुग्णालयात तिसऱ्या दिवशी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला वर बघायला सांगितलं. बुधी छताकडे बघत राहिली आणि पापण्या हळूहळू, दोर सुटल्यासारख्या खाली आल्या. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि एक इंजेक्शन दिलं. मग आम्ही चौघं वाट बघत बसलो. पंधरावीस मिनिटं गेली असतील. काळू एकदम म्हणाला, "डोळं उगडलं."

खरंच उघडले होते. दोन्ही, पूर्ण. बुधीनं हात वर केला, पुन्हा केला, बोटं मिटली, उघडली. "आला गो," ती म्हणाली, आणि आवाज तिचा होता, नाकातला नव्हता. "आला, आला." काळूनं पिशवीत आणलेली भाकरी तिनं मागून घेतली आणि चावून खाल्ली. चावण्याचा आवाज येत होता. शेजारच्या खाटेवर एक म्हातारी सकाळपासून कुणाला तरी, मला बसतं करा गो, म्हणून हाका मारत होती. बुधी उठली, तिच्या दोन्ही काखांत हात घातले आणि तिला भाताच्या पेंढीसारखी उचलून उशीला टेकवून बसवली. नर्स ओरडली. डॉक्टरीणबाई हसल्या. मी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

संध्याकाळपर्यंत सगळं परत गेलं. पापण्या खाली आल्या, मान छातीवर कलली. आलेलं बळ जाताना बघणं मला फार जड गेलं. ते कधीच आलं नसतं तर इतकं जड गेलं नसतं.

डॉक्टरीणबाईंनी मला व्हरांड्यात नेऊन समजावलं. नसांमधून स्नायूंना जो निरोप जातो तो वाटेत अडतो. हाता-पायांचा, गिळण्याचा, आणि वाढलं तर श्वासाचासुद्धा. कायमचा इलाज हाती नाही, पण गोळ्या आहेत. दिवसातून चार, आयुष्यभर. महिनाभर राहिली तर आणखी उपाय करून बघता येतील. मग त्यांनी एक कागद दिला, या रुग्णाला कोणती औषधं द्यायची नाहीत त्यांची यादी. मी वाचत गेले. तिसऱ्या ओळीत हिवतापाच्या त्या कडू गोळ्या होत्या.

मी विचारलं. त्या म्हणाल्या, "आजार आधीपासून असणार. त्यानं तो उफाळला असेल, नसेलही. तुम्हाला कसं कळणार होतं?" त्या खरं तेच सांगत होत्या. पण खाटेजवळ परत जाताना माझेच पाय उचलत नव्हते. अवसान गळणं म्हणजे काय ते त्या व्हरांड्यात कळलं. हा शब्द मी नंतर शब्दकोशात पाहिला. अवसान म्हणजे बळ, आणि अवसान म्हणजे शेवटही. दोन्ही अर्थ एकाच ओळीत, स्वल्पविरामानं जोडलेले.

कडू गोळ्यांचं मी बुधीला सांगितलं नाही. आणखीही एक सांगितलं नाही. महिनाभर राहायला ती तयार नव्हती, घरी निघाली, तेव्हा गोळी तळहातावर घेऊन तिनं विचारलं, "बाय, हिच्यात काय हाय?"

मी म्हटलं, "जोर आहे. एका गोळीत तीन-चार तासांचा जोर."

सोपं करून सांगायची आम्हाला सवय असते. गोळीत जोर नव्हता. जोर तिचाच होता, गोळी फक्त त्याची वाट मोकळी करत होती. आणि श्वास घ्यायलाही तोच जोर लागतो, गोळी चुकली तर श्वासच थांबू शकतो, हे तर मी गिळूनच टाकलं. ती घाबरेल असं वाटलं. तिला धीर द्यायचा होता. मी आजही बायकांना धीर देते, पण देताना आता काय लपवते आहे ते मनाशी तपासून बघते.

आम्ही परतलो तेव्हा शेवंताकाकूंचं शेवटचं मोठं खाचर राहिलं होतं. मी बुधीला बजावलं होतं की गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची, म्हणजे घास नीट गिळेल. दोन दिवसांनी वाटेवरून जाताना पाहिलं, तर ओळीत ती पुढं होती. हात असे चालले होते की पाण्यावर नुसती टपटप ऐकू यावी. बाकीच्या बायका हसत होत्या, काकू मोठ्यानं म्हणत होत्या, "बघा, बघा, आली माजी बुधी!" अंगचोर हा शब्द त्या एका सकाळी वाडीतून पुसला गेला. मी बांधावर उभी राहून ओरडले, "जेवणाची गोळी कामाला घेतलीस ना?"

तिनं मान वर न करता उत्तर दिलं, "पेज तशीबी उतरते गो. आवणी पेजेवानी उतरत नाय."

मी तिला रागवायला हवं होतं. रागावलेही, पण खोटं खोटं. तिला तशी बघताना मलाच आनंद झाला होता.

हिवाळा बरा गेला. मी दर महिन्याला कल्याणहून गोळ्या आणायची. पौषात म्हशाच्या जत्रेत ती आणि काळू भेटले. बैलांच्या बाजाराकडून धुरळा येत होता, आणि वाटेवर एक फिरता वैदू चादरीवर मुळ्या पसरून ओरडत होता, ताकदीची मुळी, शक्तीची मुळी, म्हाताऱ्याला पैलवान करणारी मुळी. बुधी त्याच्यासमोर उभी राहिली, पदराची गाठ सोडून गोळी काढली आणि त्याला दाखवली. "माज्याकडं हाय रे. तू घे कोनाला तरी फसवून." वैदूसुद्धा हसला. मग तिनं मला बांगड्या घ्यायला लावल्या आणि कासाराला दटावत स्वतः माझा हात दाबून त्या चढवल्या. तिच्या बोटांत तेव्हा पुरेसा जोर होता. माझं मनगट दुखलं.

फाल्गुनात माझी बदली झाली. शहापूर तालुक्यात, तानसा तलावाच्या बाजूला. घराजवळ आले म्हणून आई खूश झाली. माझं लग्न ठरलं होतं. काळूनं दर महिन्याला एसटीनं शहापूरला यायचं आणि मी त्याच्या हाती गोळ्या द्यायच्या असं ठरलं. तो यायचा. स्टँडवरच्या बाकावर आम्ही बसायचो. मी विचारायची, "वेळेवर घेते ना?" तो म्हणायचा, "घेते." मी विचारायची, "चालते-फिरते ना?" तो म्हणायचा, "सकाळचं चालते." या दुसऱ्या उत्तरावर मी थांबायला हवं होतं. वाडीवर जाऊन यायला हवं होतं. पण नवं काम होतं, लग्नाची खरेदी होती, आणि मुरबाडची ती चढण मला लांब वाटायला लागली होती. बळ नव्हतं असं नाही. बळ होतं, ते दुसरीकडे लागत होतं. हे अशक्तपणाच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

ज्येष्ठात काळू ठरलेल्या दिवसाच्या आधीच आला. बाकावर बसला आणि त्यानं पिशवी मांडीवर घट्ट धरली.

"बुधी गेली, बाय."

मी विचारलं, "कधी?"

"आठ दिस झालं. दोन दिस पडून व्हती. सकाळी दम लागला, बोलता येई ना. मी डोलीला मानसं बोलवाया गेलू. आलू तं झालं व्हतं."

"पण गोळ्या? गोळ्या घेत होती ना?"

त्यानं पिशवीतून पावडरीचा एक जुना पत्र्याचा डबा काढला आणि झाकण उघडलं. आत माझ्या गोळ्या होत्या. वरपर्यंत. मी महिन्यामागून महिना दिलेल्या.

"सकाळची येक घेई," काळू म्हणाला. "बाकीच्या ह्याच्यात टाकी. मी बोललू, सिस्टरनी चार सांगल्यात. तं बोलली, हितं नुसतं बसून जोर कशाला घालवू? आवणीला लागंल. आवणीला दोन दोन घेईन न् पयल्यासारखी म्होरं लावीन. मला बी ते पटलं, बाय. खोटं कशाला बोलू. मला बी पटलं."

स्टँडवर एसटी लागत होत्या, सुटत होत्या. कंडक्टर किन्हवली, मुरबाड ओरडत होता. काळूचा आवाज अगदी साधा होता, बाजारभाव विचारावा तसा.

"तिनं येवढा जोर साठवला," तो डब्याकडे बघत म्हणाला. "आता त्याचं काय करायचं गो?"

मी चहा आणला, तो त्यानं निवू दिला आणि मग एका घोटात प्यायला. शेवटी तोच उठला. राब पेरायचाय, म्हणाला, पाऊस कधीबी येईल. आणि डबा माझ्या हातात देऊन मुरबाडच्या गाडीत चढला.